कोपऱ्यावरचा प्लॉट आणि माझी सही

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळले आणि जिथे मागे कुकरची शिट्टी झाली, तेवढं काढलंय. बाकी जसं बोलले तसंच.)

इअरफोन लावलेत? लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, आज मी जरा हळू बोलणार आहे. आजचा विषय झोनिंग आहे. थांबा, थांबा, पुढचा एपिसोड लावू नका. दोन मिनिटं द्या, त्यात एक भांडण आहे आणि ते माझंच आहे.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक पुण्यात झालं, एमएससाठी इकडे आले आणि आता अमेरिकेत ओरेगन राज्यात, पोर्टलंडच्या पश्चिमेला एका उपनगरात राहते. एका आजींच्या घराचा मागचा भाग भाड्याने घेतलाय. रस्ता एकदम शांत, मोठमोठे प्लॉट, प्रत्येकात एकच घर, पुढे हिरवळ. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा संध्याकाळी फेरी मारून परतले आणि म्हणाले, "अगं, इथे माणसं राहतात का नाही? चाळीस मिनिटांत एक कुत्रा दिसला, तोही घरातून भुंकत होता."

तर गेल्या वर्षी जूनमध्ये आई-बाबा आलेले असतानाची गोष्ट. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक जुनं घर होतं, एकमजली. मालक वारले, मुलांनी प्लॉट बिल्डरला विकला. एका सकाळी शेजारच्या काकू आल्या. काकू म्हणजे अमेरिकन, साठीच्या. मी राहायला आले त्या आठवड्यात यांनीच मला स्वतःच्या बागेतले टोमॅटो आणून दिले होते. हातात एक पत्र. म्हणाल्या, कोपऱ्यावर बिल्डर पाच घरं कोंबतोय, आपल्या रस्त्याचं रूपच बदलून जाईल, पार्किंगचा बोजवारा उडेल, सही करतेस ना? माझा स्टँडअप कॉल सुरू व्हायला तीन मिनिटं होती. मी सही केली. आईने त्यांना पोहे दिले, त्यांनी आवडीने खाल्ले. सगळं छान.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "सकाळी कशावर सही केलीस?" मी सांगितलं. "वाचलंस?" नाही म्हटलं. आता माझे बाबा छत्तीस वर्षं बँकेत होते. न वाचता सही केली हे त्यांना सांगणं म्हणजे घरी येऊन पाकीट मारल्याची कबुली देण्यासारखं आहे. ते एवढंच म्हणाले, "मग आता वाच." आणि चष्मा लावून माझ्या शेजारी येऊन बसले.

घरमालकीण आजींकडे नगरपालिकेची नोटीस आलेली होती. तेव्हा इथे अशा प्रकरणात शंभर फुटांच्या आतल्या मालकांना नोटीस जायची आणि लेखी म्हणणं मांडायला चौदा दिवस मिळायचे. त्यातले पाच गेले होते. नोटिशीवर शब्द होता कॉटेज क्लस्टर.

कॉटेज क्लस्टर म्हणजे काय? एका प्लॉटवर एका मोठ्या घराऐवजी चार, पाच, आठ छोटी सुटी घरं, आणि ती सगळी मधल्या एका सामायिक अंगणाकडे तोंड करून. गाड्या एका बाजूला, दाराच्या पुढ्यात नाहीत. बाबांनी नकाशा बघितला आणि लगेच म्हणाले, "हा तर वाडा आहे." आई सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढली, अकरा बिऱ्हाडं होती. ती स्वयंपाकघरातून ओरडली, "वाडा असेल तर नळ किती आहेत ते बघा आधी!" हा नळ लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आता ही कल्पना अमेरिकेत नवी नाही. कॅलिफोर्नियात पासाडेनाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अंगणाभोवती छोट्या बंगल्यांची अशी वस्ती बांधायला लागले होते. मग ती थांबली कशी? तर नियमांनी. 1916 मध्ये बर्कलीने शहराच्या एका भागात फक्त एका कुटुंबाचं एक घर असा नियम केला. 1926 मध्ये युक्लिड नावाच्या ओहायोतल्या गावाचा खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि कोर्टाने अशा झोनिंगला मान्यता दिली. त्या निकालात अशा वस्तीत येणाऱ्या अपार्टमेंटची तुलना चक्क बांडगुळाशी केलेली आहे. त्यानंतर देशभर हेच पसरलं. रहिवासी जमिनीचा बहुतेक भाग एका प्लॉटवर एकच घर या नियमाखाली गेला. वाडा बेकायदा, चाळ बेकायदा, दोन भावांची जोडघरंसुद्धा बेकायदा.

आणि यात रंगाचा विषय आहेच. 1917 मध्ये कोर्टाने वंशावरून झोनिंग करायला मनाई केली होती. पण मोठा प्लॉट, एकच घर, अमुक आकाराच्या खाली नाही, असे नियम ठेवले की गरीब आपोआप बाहेर राहतो, आणि त्या काळात गरीब कोण होतं हे सांगायला नको. शिवाय खरेदीखतातच कृष्णवर्णीय किंवा आशियाई माणसाला विकणार नाही अशी कलमं असायची. कोर्टांनी ती अमलात आणायची नाहीत हे 1948 मध्ये ठरलं. हे वाचताना मला जरा अस्वस्थ झालं. कारण ज्या रस्त्याचं रूप टिकवायला मी सही केली, त्या रूपात मी आणि माझे आई-बाबा मुळात धरलेलेच नव्हतो.

बरं, मग कॉटेज परत आली कुठून? वॉशिंग्टन राज्यात व्हिड्बी नावाच्या बेटावर लँग्ली हे गाव आहे. लोकवस्ती हजाराच्या आसपास. त्या गावाने 1995 मध्ये एक नियम केला. घर छोटं ठेवलंत, म्हणजे तळमजला 700 चौरस फुटांच्या आत आणि वरचा मजला धरून एकूण 975 च्या आत, आणि सगळी घरं सामायिक अंगणाला लागून ठेवलीत, तर त्याच जमिनीवर दुप्पट घरं बांधा. गाड्या रस्त्यावरून दिसता कामा नयेत. बस, एवढंच. रॉस चेपिन नावाच्या आर्किटेक्टने त्यावर 1998 मध्ये थर्ड स्ट्रीट कॉटेजेस ही आठ घरांची वस्ती उभी केली. प्रत्येकाला पुढे ओटा, ओट्यापुढे छोटी बाग, मग कमरेएवढं कुंपण, मग सगळ्यांचं अंगण. म्हणजे बोलायचं असेल तर ओट्यावर बसा, नसेल तर आत जा.

मला यातलं सगळ्यात आवडलेलं काय, तर नियमाची रचना. त्यांनी "सुंदर बांधा" असं लिहिलं नाही, मोजता येईल असं लिहिलं.

ओरेगनने 2019 मध्ये हे राज्यभर नेलं. कायद्याचं नाव हाऊस बिल 2001. सालाशी संबंध नाही, तो नुसता क्रमांक आहे, मीही आधी गोंधळले होते. त्यानुसार 25,000 च्या वर वस्ती असलेल्या शहरांना आणि पोर्टलंड महानगरातल्या जवळपास सगळ्या गावांना, जिथे एक घर चालतं त्या भागांत जोडघरं, तिघांची, चौघांची घरं, रोहाऊस आणि कॉटेज क्लस्टर यांना परवानगी द्यावीच लागते. शहरांना नियम बदलायला 30 जून 2022 ची मुदत होती. कॉटेजची व्याख्या कायद्यातच आहे: सुटी घरं, जमिनीवर प्रत्येकाने 900 चौरस फुटांपेक्षा कमी जागा व्यापायची, आणि सामायिक अंगण हवंच.

आता इंजिनिअर म्हणून मला इथे खरी मजा यायला लागली. कारण "परवानगी आहे" हे वाक्य कोडमध्ये ट्रू लिहिण्याइतकं सोपं आहे. फीचर चालू आहे, पण बाकीच्या सेटिंग अशा ठेवायच्या की ते कधी चालणारच नाही! आमच्या कंपनीतही अशी फीचर आहेत.

म्हणून मी रात्री पायथॉनमध्ये वीस ओळींचा हिशेब लिहिला. तुम्ही कागदावर करू शकता. कोपऱ्यावरचा प्लॉट साधारण 100 बाय 100 फूट, म्हणजे 10,000 चौरस फूट. आपल्या भाषेत नऊ गुंठ्यांच्या जरा वर. एका घराला जमिनीवर 800 फूट धरले. अंगणासाठी घरामागे 150, राज्याने नमुन्याचे नियम करून दिलेत त्यात हाच आकडा आहे. एका गाडीला वळायच्या जागेसकट ढोबळ 300. पायवाटा, झाडं मी धरली नाहीत, त्यामुळे खरं उत्तर थोडं कमीच येईल.

मग साइड मार्जिन. पुण्यात घर बांधलेल्या प्रत्येक घरात या शब्दावरून एकदा तरी भांडण झालेलं असतं. समजा जुन्या पद्धतीने पुढे-मागे 20 फूट आणि बाजूंना 10 फूट सोडले. उरले 80 बाय 60, म्हणजे 4,800. घरटी दोन गाड्या सक्तीच्या असतील तर एका घराला 1,550 लागतात. उत्तर येतं तीन. आता मार्जिन सगळीकडून 10 फूट केलं. राज्याचा नियम हाच आहे, कॉटेजसाठी कडेचं मार्जिन 10 फुटांपेक्षा जास्त मागता येत नाही. उरतात 80 बाय 80, म्हणजे 6,400. दोन गाड्यांच्या सक्तीत चार घरं. एका गाडीच्या सक्तीत पाच. सक्तीच नसेल तर सहा.

म्हणजे एक गाडी, एक घर. सरळ अदलाबदल आहे. काकूंच्या पत्रात घरटी दोन गाड्यांची जागा हवी अशी मागणी होती, वाचायला किती निरुपद्रवी! त्याचा अर्थ, पाचव्या घरातल्या माणसाने राहायला येऊ नये, त्या जागी गाड्या उभ्या राहाव्यात. ओरेगनने कॉटेजमागे एकापेक्षा जास्त पार्किंग मागायला शहरांना बंदी केली आहे, आणि पुढे 2022 च्या नियमांनी वारंवार बस-रेल्वे असलेल्या भागांजवळ तर पार्किंगची सक्तीच काढून टाकली.

आणि सगळ्यात गुपचूप चालणारी सेटिंग म्हणजे प्लॉटचा किमान आकार. शहराने लिहिलं की कॉटेजला किमान 10,001 चौरस फूट प्लॉट हवा, तर माझ्या प्रोग्रॅमचं उत्तर शून्य. एका फुटाने पाचाचं शून्य होतं. म्हणून राज्याने तिथेही हात बांधलेत: साध्या एका घराला जेवढा प्लॉट लागतो, त्यापेक्षा कॉटेजसाठी जास्त मागायचा तर 7,000 च्या वर जाता येत नाही.

बाबा हे सगळं ऐकत होते. त्यांचा प्रश्न एकच होता, "पण सातबारा कुणाच्या नावावर?" खरंच चांगला प्रश्न आहे. आधी अडचण हीच होती की एका प्लॉटवर पाच घरं बांधली तरी जमीन एकच, त्यामुळे विकायची तर कॉन्डो करा, नाहीतर भाड्याने द्या. 2021 मध्ये सिनेट बिल 458 आलं आणि प्रत्येक कॉटेजखालची जमीन वेगळी काढून विकता यायला लागली. आजींना आलेली नोटीस त्याच जमीन-विभागणीची होती. अंगण मात्र सामायिक, त्याचा मेंटेनन्स पाचही जणांनी भरायचा. म्हणजे सोसायटी आली, मीटिंग आली, "माझ्या वाट्याचं गवत कोण कापणार" आलं. आई इथे खूप हसली. तिच्या आठवणीतला वाडा आणि इंस्टाग्रामवरचा वाडा यांत फार फरक आहे. ती म्हणाली, "अंगण चांगलं असतं गं, पण अंगणात कोण किती वाजता घरी आलं याची नोंद अकरा घरं ठेवतात. मी बीएला होते तेव्हा मला मुंबईला पळून जावंसं वाटायचं." म्हणून तर लँग्लीतलं ते कमरेएवढं कुंपण मला महत्त्वाचं वाटतं.

आता माझा हिशेब. मी अठ्ठावीस वर्षांची आहे, पगार बरा आहे, आणि तरी या रस्त्यावरचं एकही घर मला परवडत नाही. कोपऱ्यावरची कॉटेज स्वस्त असेल का? नाही. नवं बांधकाम आहे, जमीन महाग आहे, पाच वेगळी जोडणी, पाच वेगळी फी. पण त्याच प्लॉटवर दुसरं काय झालं असतं? जुनं घर पाडून एकच भलंमोठं घर. त्याला कुणाच्या सहीची गरज नव्हती, नियमात बसतंच. ते पाहायलाही काकू पत्र घेऊन आल्या नसत्या. पाच छोटी घरं म्हणजे पाच जणांचा नंबर लागतो, आणि पाचव्या नंबरला कदाचित माझ्यासारखी कुणी असू शकते. मी माझ्याच संभाव्य घराच्या विरोधात सही केली होती, तीही स्टँडअपच्या आधीच्या तीन मिनिटांत.

सहाव्या दिवशी मी नगरपालिकेच्या प्लॅनरला ईमेल केला की त्या पत्रातून माझं नाव काढा. त्यांचं उत्तर फार सभ्य होतं. नाव काढलंय. पण माहितीसाठी, निर्णय फक्त लिखित आणि मोजता येणाऱ्या नियमांवर होतो. मार्जिन, उंची, अंगण, पाण्या-सांडपाण्याची जोडणी. रस्त्याचं रूप हा निकष नाही. थोडक्यात, माझ्या सहीने काही अडलं नसतं आणि ती काढल्याने काही सुटलंही नाही.

मग काकूंना सांगायची गरज काय होती? आई म्हणाली, सांगू नकोस, उगाच वाईटपणा. बाबा म्हणाले, सही काढलीस हे त्यांना दुसऱ्याकडून कळता कामा नये. मी गेले. दारातच सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. मला घेऊन कोपऱ्यावर गेल्या आणि प्लॉटच्या मागच्या कडेचं डग्लस फरचं झाड दाखवलं. दोघींनी हात पसरले तरी कवेत येणार नाही एवढं खोड. म्हणाल्या, "माझा मुलगा लहान असताना याच्याखाली खेळायचा. तुझ्या हिशेबात हे किती चौरस फूट?"

माझ्या हिशेबात ते नव्हतंच. मी मघाशी सांगितलं ना, झाडं धरली नाहीत म्हणून. ते झाड पाचव्या घराच्या जागेवर होतं.

मी त्यांना म्हटलं की मोठं घर बांधलं असतं तरी हे झाड बहुतेक गेलं असतं. ते खरं आहे. पण तेव्हा ते म्हणायला नको होतं असं मला अजून वाटतं.

अजून एक गोष्ट जाता जाता, कारण इथल्या आपल्या मंडळींना ती लागू आहे. आपण भारतीय लोक घर घेताना बहुधा नव्या सबडिव्हिजनमध्ये घेतो, जिथे घरमालकांची असोसिएशन असते आणि खरेदीच्या कागदांत शेकडो पानांचे नियम. हाऊस बिल 2001 ने पुढे होणाऱ्या अशा करारांत जोडघरं किंवा कॉटेज यांना बंदी घालता येणार नाही असं म्हटलंय. आधीच झालेल्या करारांना तो हात लावत नाही. म्हणजे त्या कायद्यापुरतं बोलायचं तर शहराने दार उघडलं तरी जुन्या सोसायटीचं कुलूप तसंच राहिलं. गृहप्रवेशाच्या पूजेला सत्यनारायणाची पोथी पूर्ण ऐकतो आपण, ती पानं कुणी वाचत नाही. वाचा. सही करायच्या आधी वाचा, हे मी कोणत्या तोंडाने सांगतेय ते तुम्हाला माहीत आहेच.

आत्ताची स्थिती सांगते. विभागणी मंजूर झाली. फर गेला, तीन दिवस करवतीचा आवाज येत होता. मी ते तीन दिवस ऑफिसला जाऊन काम केलं. चार घरांचे सांगाडे उभे आहेत, पाचव्याचा पाया भरलाय. काकू रस्त्यात भेटल्या की हात करतात. यंदा टोमॅटो आले, आजींच्या पुढच्या दारात एक पिशवी होती. माझ्या दारात नव्हती. आजींनी त्यातले चार मला दिले.

मागच्या रविवारी आईला व्हिडिओ कॉलवर फिरवून साइट दाखवली. तिने अंगण पाहिलं, ओटे पाहिले, काही बोलली नाही. मग म्हणाली, "नळाचं काय ते नाही सांगितलंस." या नव्या विभागणीत प्रत्येक घराला पाण्याची जोडणी वेगळीच द्यावी लागते, कायदाच आहे तसा. मी कॅमेरा खाली केला. फुटपाथच्या कडेला पाण्याच्या मीटरची झाकणं होती, ओळीने. तिने मला एकेक मोजायला लावलं.

पाच.

"हां," ती म्हणाली, "मग ठीक आहे."

चला, भेटू पुढच्या एपिसोडला. तुमच्या घरात साइड मार्जिनवरून झालेलं भांडण असेल तर व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांच्या आत, प्लीज. मागच्या वेळी एका काकांनी सतरा मिनिटांची पाठवली होती.